देवमासा जमिनीवर का मरतो? : कालाकोटच्या दगडांची गोष्ट

ही आपल्या या आठवड्याच्या एपिसोडची लिहिलेली आवृत्ती. ऐकताना जिथे मी अडखळलो, तिथलं जरा नीट केलंय. बाकी गप्पा त्याच.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून करतो.

नोव्हेंबर २०२३. दिवाळीचे दिवस. गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू येऊन वाळूत रुतलं होतं. तुम्हीही ते व्हिडिओ बघितले असतील. पिल्लू म्हणायचं, पण लांबी एखाद्या टेम्पोहून जास्त. लोक बादल्यांनी त्याच्या अंगावर पाणी ओततायत, ओली कापडं टाकतायत, वन खात्याची माणसं, गावकरी, बोटी, दोर. खूप खटपट करून त्याला परत समुद्रात नेलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि नंतर ते पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि गेलं.

माझी मावसबहीण तेव्हा आठवीत होती, रत्नागिरीला. तिने मला व्हॉइस नोट पाठवली. रडवेल्या आवाजात एकच प्रश्न: "दादा, तो श्वास तर हवेतच घेतो ना? आम्हाला शिकवलंय, सस्तन आहे म्हणून. मग बाहेर हवाच हवा असताना तो मेला का?"

मी तेव्हा ऑफिसात होतो, एका रिलीजच्या मागे. 'नंतर सांगतो' असं टाइप केलं. नंतर गुगल केलं आणि उत्तर दोन मिनिटांत मिळालं. देवमाशाचं शरीर पाण्याच्या आधारावर उभं असतं. वाळूवर आलं की त्याचंच वजन त्याच्या फुफ्फुसांवर, आतल्या अवयवांवर दाबून बसतं. वर अंगावर चरबीचा जाड थर, जो थंड समुद्रात गोधडीसारखा काम करतो. उन्हात तीच गोधडी त्याला आतून भाजते. म्हणजे हवा आहे, पण ती आत घेण्याइतकी ताकद उरत नाही.

हे उत्तर मी तिला पाठवलं. तिचा लगेच दुसरा प्रश्न: "पण मग हवेत श्वास घेणारा प्राणी समुद्रात गेलाच कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर दोन मिनिटांत मिळालं नाही. ते शोधताना मी जम्मूतल्या एका गावात, कच्छच्या रणाजवळ आणि पाकिस्तानातल्या डोंगरांत जाऊन आलो. अर्थात लॅपटॉपवरूनच. आजची गोष्ट तीच.

चुकीचं नाव आणि पहिला बग

आधी आपल्या भाषेचंच बघू. देव'मासा'. नावातच मासा आहे, आणि प्राणी मासा नाही. आपल्या पूर्वजांना दोष देण्यात अर्थ नाही. पाण्यात राहतो, परांसारखं काहीतरी आहे, शेपूट आहे. कोणीही मासाच म्हणेल.

विद्वानांनीही असाच घोळ घातला, आणि तो तर छापून ठेवला. १८३४ साली अमेरिकेत रिचर्ड हार्लन या अभ्यासकाला लुईझियानातून आलेला एक भलामोठा मणका मिळाला. त्याला वाटलं हा कुठलातरी समुद्री सरडा. म्हणून त्याने नाव दिलं बॅसिलोसॉरस, म्हणजे 'राजा सरडा'. पाच वर्षांनी, १८३९ मध्ये, लंडनला रिचर्ड ओवेनने त्या प्राण्याचे दात तपासले. दाढांना दोन-दोन मुळं होती. सरड्याच्या दातांना अशी मुळं नसतात, सस्तन प्राण्यांच्या दाढांना असतात. म्हणजे हा सरडा नाहीच, हा तर जुन्या काळातला देवमासा! ओवेनने नवं नाव सुचवलं, पण नियम असा की जे नाव आधी छापलं तेच चालणार. आज जवळजवळ दोनशे वर्षं झाली, हा देवमासा 'राजा सरडा'च आहे.

आम्ही कोड लिहिणारे लोक हे दुःख चांगलं ओळखतो. कोणीतरी घाईत व्हेरिएबलला चुकीचं नाव देतं, ते शंभर ठिकाणी वापरलं जातं, आणि मग बदलायची कोणाची हिंमत होत नाही.

याच प्राण्याच्या हाडांवर एकाने धंदाही केला. आल्बर्ट कोख नावाच्या गृहस्थाने अलाबामातून हाडं गोळा केली, वेगवेगळ्या प्राण्यांचे मणके एकामागोमाग जोडले आणि ११४ फूट लांब सांगाडा बनवला. १८४५ मध्ये न्यूयॉर्कला 'समुद्री नाग' म्हणून तिकीट लावून दाखवला. लोक रांगा लावून आले. जेफ्रीज वायमन नावाच्या शरीररचनेच्या अभ्यासकाने दाखवून दिलं की ही एका प्राण्याची हाडं नाहीतच, आणि नाग तर मुळीच नाही.

मग आला डार्विन. १८५९ च्या पुस्तकात त्याने एक अंदाज मांडला. उत्तर अमेरिकेत काळं अस्वल तोंड उघडं ठेवून तासन्‌तास पोहत पाण्यावरचे किडे खाताना दिसलं होतं. असा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या पाण्याला सरावत गेला, तर त्यातून देवमाशासारखा प्राणी का होऊ नये? लोकांनी त्याची इतकी टर उडवली की पुढच्या आवृत्त्यांत त्याने तो भाग जवळजवळ काढूनच टाकला. प्राणी चुकला होता, अस्वल नव्हतंच ते. पण दिशा बरोबर होती.

अडचण एकच होती, मधले दुवे नव्हते. एका टोकाला जमिनीवरचे चार पायांचे प्राणी, दुसऱ्या टोकाला बॅसिलोसॉरस, आणि मध्ये सगळी कोरी पानं. ही पानं सापडायला आणखी सव्वाशे वर्षं गेली. आणि ती सापडली आपल्या उपखंडात.

दोन देश, एक आटलेला समुद्र

पाच कोटी वर्षांपूर्वीचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत आशियाला येऊन धडकतोय. मध्ये टेथिस नावाचा समुद्र आक्रसत चाललाय. त्याचं पाणी उथळ, कोमट, खाड्या, दलदली, नद्यांची मुखं. पुढे इथेच हिमालय उभा राहणार आहे. देवमाशाचं माहेर म्हणजे हा मरणपंथाला लागलेला समुद्र. म्हणून त्याचे सगळ्यात जुने जीवाश्म आज पाकिस्तानातल्या टेकड्यांत, जम्मूत आणि कच्छात सापडतात.

१९७० च्या दशकात लखनौ विद्यापीठाचे अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी व्ही. पी. मिश्रा यांनी कच्छमधल्या खडकांतून जुन्या देवमाशांची हाडं शोधून काढली. तिथल्या हरुडी गावाचं नाव एका प्राण्याच्या शास्त्रीय नावात कायमचं बसलंय. हे कच्छचे देवमासे दिसायला गमतीदार होते. लांब निमुळतं तोंड, बारीक डोळे, आखूड पाय. २००० साली सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी त्यातल्याच एका छोट्या प्राण्याला नाव दिलं कच्छिसीटस. लांब शेपटीचं, मोठ्या पाणमांजरासारखं जनावर. विचार करा, देवमाशाच्या घराण्यातला माणूस, आणि आडनाव कच्छी!

तिकडे पाकिस्तानात १९८१ साली फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी एका कवटीला पाकिसीटस हे नाव दिलं. वय सुमारे पाच कोटी वर्षं. कवटी देवमाशाची, पण सापडली नदीकाठच्या गाळाच्या खडकात. धड नव्हतं, पाय नव्हते. १९८३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर त्याचं चित्र आलं. चित्रकाराने त्याला पाण्यात सूर मारणारा, वल्ह्यासारख्या पायांचा दाखवला. अठरा वर्षांनी, २००१ मध्ये, थेविसनच्या गटाने बाकीचा सांगाडा जगासमोर आणला आणि बघतात तर काय, लांब सडपातळ पाय, लांडग्याएवढं अंग, जमिनीवर चालणारं-पळणारं जनावर! अर्धा डेटा हातात असताना उरलेला अर्धा मनाने भरला की असं होतं. माझ्या डॅशबोर्डांचंही बऱ्याचदा झालंय.

मधल्या काळात, १९९४ मध्ये, थेविसन आणि त्यांच्या पाकिस्तानी सहकाऱ्यांनी पंजाबातल्या काला चिट्टा टेकड्यांत सापडलेला अँब्युलोसीटस जाहीर केला. नावाचा अर्थच 'चालणारा देवमासा'. साधारण समुद्री सिंहाएवढा, मोठे पंजे, मगरीसारखं लांब तोंड. बहुधा मगरीसारखाच उथळ पाण्यात दबा धरून बसायचा.

घोट्याच्या हाडाने निकाल दिला

आता प्रश्न, हा देवमासा जमिनीवरच्या कोणत्या घराण्यातला?

बराच काळ उत्तर होतं मेसोनिकिड. हे खूर असलेले पण मांसाहारी प्राणी, आता नामशेष. १९६६ मध्ये ली व्हॅन व्हॅलेन यांनी ही जोडी मांडली, कारण दोघांचे दात जुळत होते. दगडं फोडणाऱ्यांना हे पटलं होतं.

पण रक्त आणि डीएनए तपासणारे वेगळंच बोलत होते. १९५० मध्येच रक्तातल्या प्रथिनांच्या चाचण्यांत देवमासा गाय-डुकरांच्या, म्हणजे समखुरी प्राण्यांच्या जवळचा दिसला होता. समखुरी म्हणजे ज्यांच्या पायाला दोन किंवा चार खूर असतात ते: गाय, शेळी, हरीण, उंट, डुक्कर, पाणघोडा. १९९७ मध्ये जपानच्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने डीएनएमधल्या विशिष्ट तुकड्यांवरून हेच सांगितलं, आणि पुढे सगळ्यात जवळचा जिवंत नातेवाईक ठरला पाणघोडा. हाडंवाले आणि डीएनएवाले, दोघंही आपल्या जागी ठाम. दोन टीम, दोन लॉग, आणि कोणाचा खरा मानायचा कळेना.

निकाल सप्टेंबर २००१ मध्ये लागला, आणि एकाच आठवड्यात दोनदा लागला. 'नेचर'मध्ये थेविसनचा पाकिसीटस, 'सायन्स'मध्ये गिंगरिच यांच्या गटाने बलुचिस्तानातून आणलेले दोन प्राणी. दोन्हीकडे एकच पुरावा, घोट्याचं हाड. समखुरी प्राण्यांच्या घोट्यात एक खास हाड असतं. त्याच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना विहिरीवरच्या रहाटाच्या चाकासारखी खाच असते. शेळीत आहे, हरणात आहे, आणि दुसऱ्या कोणत्याही प्राणीगटात नाही. ते हाड या जुन्या देवमाशांच्या पायात सापडलं. गिंगरिच स्वतः मेसोनिकिडवाले होते, त्यांनी आपलं मत बदललं. दातांतलं साम्य सारखं खाल्ल्यामुळे आलं होतं, नात्यामुळे नाही.

म्हणजे तुमच्या गोठ्यातली शेळी आणि गणपतीपुळ्याचं ते पिल्लू, लांबचे का होईना, पण नातेवाईक.

रंगा राव यांचे दगड

आता ज्या भागासाठी मी हा एपिसोड केला तो.

जम्मूच्या राजौरी जिल्ह्यात कालाकोट नावाचं गाव आहे. कोळशाच्या खाणींचा भाग, नियंत्रण रेषेपासून फार लांब नाही. तिथे ए. रंगा राव नावाच्या भारतीय भूशास्त्रज्ञाला जुन्या सस्तन प्राण्यांच्या हाडांनी भरलेले खडक सापडले. १९७१ मध्ये त्यांनी त्यातल्या जबड्याच्या तुकड्यांवरून आणि दातांवरून एका छोट्या प्राण्याला नाव दिलं इंडोह्यूस, म्हणजे 'भारतीय डुक्कर'. मांजराएवढा समखुरी प्राणी. पुढे या प्राण्यांच्या कुळालाच रंगा राव यांच्या नावावरून राओएलिड म्हणायला लागले.

पण खडक फार कठीण. हाडं त्यात घट्ट रुतलेली. एकेक हाड सोडवायचं म्हणजे महिन्यांचं काम. रंगा राव यांनी खडक गोळा केले, डेहराडूनला आणून ठेवले, आणि त्यातले बहुतेक तसेच बंद राहिले. ते गेले. दगड राहिले. त्यांच्या पत्नी, ज्या स्वतः भूशास्त्राच्या अभ्यासक होत्या, त्यांनी ते जपून ठेवले. काही दशकं.

इथे मी क्षणभर थांबलो होतो, रेकॉर्डिंग करताना पण. विचार करा. घरात दगडांचा ढीग आहे. ज्याने तो जमवला तो माणूस आता नाही. आलेगेले विचारत असणार, 'हे ठेवून काय करायचंय?' आपल्याकडे आजोबांची पुस्तकं वर्षभरात रद्दीत जातात. माझ्या आजोबांची गेली. वारी, शेतीचे हिशेब, पावसाच्या नोंदी लिहिलेल्या वह्या होत्या. घर रंगवायला काढलं तेव्हा गेल्या. मी तेव्हा तिथेच होतो, आणि मीच त्या पोत्यात भरल्या होत्या.

तर त्या बाईंनी दगड टाकले नाहीत. ते त्यांनी थेविसन यांच्याकडे सोपवले. थेविसन अमेरिकेत ओहायोतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचना शिकवायचे. तिथे त्यांच्या प्रयोगशाळेत दगडातून हाडं सोडवायचं काम सुरू झालं. आणि एके दिवशी इंडोह्यूसची कवटी साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून चुकून कानाजवळचं हाड तुटलं.

त्या तुटलेल्या हाडाचा आतला भाग दिसला. मधल्या कानाला वेढणारं हाड वाटीसारखं असतं. आपल्यात त्या वाटीच्या भिंती सगळीकडून साधारण सारख्या पातळ. इथे मात्र आतली कड जाडजूड, फुगलेली होती आणि बाहेरची पातळ. अशी जाड कड तोपर्यंत फक्त देवमासे आणि डॉल्फिन यांच्यात ठाऊक होती, जिवंत असोत की जीवाश्म. ती देवमाशांची ओळखखूण. आणि ती इथे एका मांजराएवढ्या, चार सडपातळ पायांच्या, हरणासारख्या प्राण्यात!

मग बाकीची हाडं नीट तपासली गेली. पायांच्या हाडांची बाहेरची भिंत नेहमीपेक्षा जाड निघाली. पाणघोड्यात असंच असतं. जड हाडं असली की पाण्यात तळाशी पाय टेकवून चालता येतं, अंग तरंगत वर येत नाही. दातांमधल्या ऑक्सिजनचे प्रकार मोजले. पाण्यात वेळ घालवणाऱ्या प्राण्यांच्या दातांत हलक्या आणि जड ऑक्सिजनचं प्रमाण जमिनीवरच्या प्राण्यांपेक्षा वेगळं असतं, आणि इंडोह्यूसचं पाण्यातल्यांशी जुळलं. डिसेंबर २००७ मध्ये 'नेचर'मध्ये हा लेख आला. थेविसन यांच्याबरोबर रुरकीच्या आयआयटीचे सुनील बाजपेयी आणि डेहराडूनच्या वाडिया संस्थेचे बी. एन. तिवारी हेही त्याचे लेखक होते.

एक गोष्ट नीट समजून घ्या. इंडोह्यूस हा देवमाशाचा पणजोबा नाही. त्याचं वय सुमारे चार कोटी ऐंशी लाख वर्षं, आणि पाकिसीटस त्याच्याइतका किंवा त्याहून थोडा जुना. नातू आधी आणि पणजोबा नंतर असं होत नाही. तो चुलत घराण्यातला. पण चुलतभावाचं नाक बघून आजोबांचं नाक कसं असेल याचा अंदाज येतो, तसंच हे.

मग समुद्रात गेला कशाला?

आता मावसबहिणीचा दुसरा प्रश्न.

जुनं उत्तर होतं: मासे खायला. मांसाहारी पूर्वज, किनाऱ्यावर फिरता फिरता मासे धरायला लागला, मग आत आत गेला. पण इंडोह्यूसचे दात आणि त्यांतला कार्बन मासे खाणाऱ्याचा वाटत नाही. बहुधा तो पाला-वनस्पती खायचा. मग पाण्यात काय करत होता?

थेविसन यांनी आफ्रिकेतल्या एका छोट्या हरणाकडे बोट दाखवलं. तिथलं पाण्याकाठचं मूषक हरीण शिकारी पक्षी किंवा प्राणी दिसला की सरळ ओढ्यात उडी मारतं आणि पाण्याखाली लपतं. आपल्या सह्याद्रीतली पिसोरी ही त्याच कुळातली. सशाएवढं, ठिपक्याठिपक्यांचं लाजाळू जनावर. तर त्यांचं म्हणणं असं की देवमाशाचे पूर्वज पाण्यात आधी लपायला गेले, खायला नंतर लागले.

हे अजून गृहीतक आहे, सगळ्यांनी जसंच्या तसं मान्य केलेलं नाही. घराण्याच्या फांद्या कशा जोडायच्या यावर वाद झाले. पण मला ते पटतं. लपायला म्हणून आत जायचं, आणि मग तिथेच राहायचं. माझे किती मित्र 'दोन वर्षं ऑनसाइट' म्हणून गेले आणि तिकडचेच झाले!

सर्व्हर बंद न करता केलेला बदल

इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. आमच्याकडे मोठा बदल करायचा असेल तर मध्यरात्री सिस्टिम बंद ठेवतो. इथे ती सोय नव्हती. प्रत्येक पिढी जिवंत राहायला हवी, पोट भरायला हवं, पिल्लं व्हायला हवीत. मधला प्रत्येक प्राणी हा आपल्या जागी चालणारा, धडधाकट प्राणी होता.

काय काय बदललं बघा.

पाणी. पाकिसीटसच्या दातांवरून तो गोड्या पाण्याचा प्राणी होता हे कळतं. समुद्राच्या पाण्यावर जगणारे देवमासे त्याच्यानंतरचे.

नाक. पाकिसीटसचं नाक थोबाडाच्या टोकाला, कुत्र्यासारखं. नंतरच्या प्राण्यांत ते मागे मागे सरकत गेलं, आणि आज ते डोक्याच्या माथ्यावर आहे. देवमासा कारंजं उडवतो म्हणतो ना आपण, ते नाकातून.

कान. पाण्यात आवाज ऐकायला बाहेरचा कान कुचकामी. त्यामुळे आवाज खालच्या जबड्यातून आत जायला लागला. डॉल्फिनच्या जबड्याच्या हाडात मोठी पोकळी असते, त्यात चरबी, आणि ती चरबी आवाज थेट कानापर्यंत नेते. जुन्या प्राण्यांच्या जबड्यात ती पोकळी पिढ्यान्‌पिढ्या मोठी होत गेलेली दिसते.

पाठ आणि शेपूट. मासा शेपूट डावी-उजवीकडे हलवतो. देवमासा आणि डॉल्फिन वर-खाली. का? कारण घोडा किंवा कुत्रा भरधाव पळतो तेव्हा त्याचा कणा वर-खाली वाकतो. तीच हालचाल पाण्यात गेली. पुढच्या वेळी मालवणला किंवा दापोलीला बोटीतून डॉल्फिन बघाल तेव्हा शेपूट बघा. आडवी असते, माशासारखी उभी नाही. ते पोहणं नाही हो, ते पळणंच आहे, फक्त पाण्यात.

मागचे पाय. १९९० मध्ये गिंगरिच यांच्या गटाने इजिप्तच्या वाळवंटात आपल्या 'राजा सरड्या'चे मागचे पाय शोधले. पंधरा मीटरहून लांब प्राणी, आणि पाय जेमतेम हातभर. गुडघा आहे, घोटा आहे, बोटं आहेत, पण त्यावर उभं राहणं अशक्य. ती जागा म्हणजे वादी अल हितान, 'देवमाशांची दरी'. २००५ पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. आज डॉल्फिनच्या गर्भात मागच्या पायांचे अंकुर फुटतात आणि काही आठवड्यांत विरून जातात. जुना कोड अजून आत आहे, फक्त चालत नाही. २००६ मध्ये जपानच्या ताइजीला एक डॉल्फिन सापडली, तिला मागे दोन जास्तीचे छोटे पर होते. कॉमेंट करून ठेवलेली ओळ चुकून चालू झाली म्हणा.

दातांकडून चाळणीकडे

राहिलं तोंड. बॅसिलोसॉरस कडकडून चावणारा शिकारी होता, मासे आणि लहान देवमासे खायचा. मग साधारण तीन कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी पृथ्वी थंड झाली, अंटार्क्टिकावर बर्फ साचलं, समुद्राचे प्रवाह बदलले. त्या सुमाराला घराण्याच्या दोन शाखा दिसू लागतात. एकांनी दात ठेवले आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधायला शिकले. हे डॉल्फिन आणि स्पर्म व्हेल. दुसऱ्यांनी हळूहळू दातच सोडले.

त्यांच्या वरच्या जबड्यातून झालर लोंबते. त्याला बलीन म्हणतात. ती हाडाची नाही, आपल्या नखांच्या पदार्थाची. निळा देवमासा धावत येतो, जबडा उघडतो, गळ्याखालच्या चुण्या पिशवीसारख्या फुगतात, आणि एका घासात स्वतःच्या वजनाइतकं पाणी आत घेऊ शकतो. मग जीभेने पाणी बाहेर ढकलतो, झालरीत कोळंबीसारखे बारीक क्रिल अडकतात. चहाची गाळणी, पण भुकटीसाठी वापरलेली. २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार पूर्व पॅसिफिकमधला निळा देवमासा मोसमात दिवसाला सुमारे १६ टन क्रिल खातो. आणि याच प्राण्याच्या गर्भात आजही दातांचे अंकुर येतात, आणि जन्माआधीच विरघळतात.

एवढं प्रचंड अंग ही गोष्ट तशी ताजी आहे. बलीनवाले आजच्या आकाराचे झाले ते गेल्या चाळीसेक लाख वर्षांत. आणि अंग जितकं मोठं, तितकं ते पाण्यावर जास्त विसंबून.

उत्तर

तर माझ्या मावसबहिणीला मी शेवटी काय सांगितलं?

सांगितलं की ते पिल्लू जिथे येऊन पडलं, ती जमीन एके काळी त्याच्याच घराण्याची होती. त्याचे पूर्वज इथे चार पायांवर पळायचे. लपायला म्हणून पाण्यात शिरले आणि परतीचे सगळे दोर एकेक करून कापत गेले: पाय, नाक, कान, पाठ. फुफ्फुस तेवढं जुन्या घरचं राहिलं. म्हणून ते हवा मागतं, आणि बाकीचं शरीर पाणी. दोन्ही एकदम फक्त समुद्राच्या पृष्ठभागावरच मिळतं.

ती बराच वेळ 'टायपिंग' दिसत होती. मग आलं: "म्हणजे त्याला घरी यायला उशीर झाला."

मी काही उत्तर दिलं नाही. ते शास्त्रात बसत नाही. पण बरोबर आहे.

आणि ती पुढे म्हणाली, "त्या बाईंनी दगड फेकले असते तर आपल्याला कळलंच नसतं ना?"

कळलं असतं कदाचित, दुसऱ्या कुठल्या दगडातून, दुसऱ्या कोणाला, केव्हातरी. पण तेव्हा, तसं, कळलं नसतं. त्या रविवारी मी आईला फोन करून विचारलं, आजोबांचं काही उरलंय का. एक वही निघाली. माळ्यावर, शिलाई मशीनच्या खोक्यात. १९७२ च्या दुष्काळाच्या वर्षातल्या पावसाच्या नोंदी. काही पानं वाळवीने खाल्लीयत. उरलेल्यांचे मी फोटो काढून ठेवलेत. त्यातून काय निघेल माहीत नाही, पण टाकत नाहीये.

तुमच्याही घरात असं काही असेल तर बघा. आणि दिवाळीत आवराआवर करताना पोतं भरायच्या आधी एकदा आत डोकवा.

चला, आजच्यासाठी एवढंच. पुढच्या वेळी भेटू, तोवर काळजी घ्या आणि ऐकत राहा.